सातव्या खणातली हाक

खाली बघा. अजून खाली. स्टेजवरच्या पोराच्या बुटाजवळ तो लाल, रंगाचे पोपडे गेलेला लोखंडी डबा दिसतोय ना, तो मी बोलतोय. लोक गाणाऱ्याकडे बघतात, गिटारीकडे बघतात, गिटारवाल्याच्या केसांकडे तर फारच बघतात. पायाशी कोण आहे, ते कोणी विचारत नाही. म्हणून तर इतकी वर्षं माझ्या खोड्या खपल्या.

मला लूपर म्हणतात. बटणावर पाय दिला की समोर जे वाजवाल, गाल, खोकाल ते मी ऐकतो. पुन्हा पाय दिला की तेच पहिल्यापासून म्हणून दाखवतो, आणि थांब म्हणेपर्यंत म्हणतच राहतो. एकटा माणूस माझ्या जिवावर चार माणसांचा आवाज काढतो आणि टाळ्या एकटा घेतो. शिक्षण माझं बेताचं. पाठांतरात पहिला, समजण्यात नापास. पोटात नव्याण्णव खण आहेत, एकेका खणात एकेक धडा. डावं बटण दोन सेकंद दाबून धरलं की त्या खणाची पाटी कोरी. मग जीव गेला तरी तो धडा मला म्हणता येत नाही. मी आयुष्यात भ्यालो ते फक्त या दोन सेकंदांना.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. बुडाखालचं लेबल झिजलंय, आणि नसतं झिजलं तरी वाचता मला कुठं येतं. पहिला मालक शंतनु, चामराजपेटेतला. त्याचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आले ते इथलेच झाले. घरात मराठीच बोलत, पण दर चार शब्दांमागे एक कन्नड. शंतनु चांगला होता. माझ्यावर कधी घाणेरडा बूट ठेवला नाही, मोज्यानं दाबायचा.

एक दिवस त्याचा पाय यायचा बंद झाला. का, ते डब्याला कोण सांगणार? कुणा चुलतभावानं मला जुन्या वाद्यांच्या दुकानात नेऊन ठेवलं. तिथं पाच वर्षं फळीवर. गिऱ्हाइकानं तार जोडून बघितलं की मी मुद्दाम एक ठोका उशिरा सुरू व्हायचो. गिऱ्हाईक स्वतःच्याच पायाकडे संशयानं बघायचं. तेवढीच करमणूक.

मग एका सोमवारी राजस आला.

राजस पुण्याचा. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. स्वतःच्या सापडत नसत. बँड दोघांचा, तो आणि ड्रमवर सिद्धी. ती नागपूरची. तिसरा होता तो कॅनडाला गेला, म्हणून त्याच्या जागी मी. बँडचं नाव दर दोन महिन्यांनी बदलायचं, कारण कुठल्या रेकॉर्ड कंपनीनं अजून त्यांना करारात बांधलं नव्हतं आणि नाव लक्षात ठेवायची कुणाला गरज नव्हती.

पण त्या शनिवारी गरज पडणार होती. इंदिरानगरात एका जागी त्यांचा कार्यक्रम होता आणि मोठ्या महोत्सवासाठी बँड निवडणारा एक गृहस्थ ऐकायला येणार होता. अट एकच, गाणं स्वतःचं हवं. चार वर्षं दोघं लोकांची ओळखीची गाणी वाजवत आलेले. स्वतःचं धड एकही नव्हतं.

जुना लूपर घेतला की आधी सगळे खण पुसायचे, ही आमच्या धंद्यातली रीत. दुसऱ्याच्या घरात राहायला जाताना आधी झाडून घेतात, तसंच. राजसनं झाडलं नाही. एकेक खण उघडून बघत बसला. सहा रिकामे. सातव्यात शंतनु होता.

हळू आवाजातली गिटार, वळून वळून पुन्हा स्वतःपाशी येणारी. फेरी संपता संपता लांबून, दुसऱ्या खोलीतून, एका बाईची हाक. "शंतनु, ऊटाला ये रे. सारू निवतंय." मग थोडी शांतता. मग पुन्हा गिटार, पुन्हा सार गार होतंय म्हणून जेवायची हाक.

राजसनं लगेच फोन लावला.

"सिद्धी, गाणं सापडलं."

"कुठं?"

"डब्यात."

"कोणाचं आहे बे?"

"होतं कोणाचं तरी. आता आपलं."

त्या रात्री त्यानं तो धडा माझ्याकडून शंभर वेळा म्हणून घेतला. मी म्हटला. मला काय, पाठ होता.

मंगळवारी सकाळी त्याच्या ऑफिसची मीटिंग लॅपटॉपवर चालू होती आणि मी त्याच तारेला जोडलेला. संधी सोडतो का मी? त्याच्या साहेबाचं बोलणं ऐन रंगात आलं आणि मी सुरू झालो. "शंतनु, ऊटाला ये रे."

साहेब म्हणाला, "राजस, ये शांतनु कौन है? नया जॉइनी?"

मी पोटातल्या पोटात हसत होतो आणि मधेच थांबलो. हाकेनंतरच्या शांततेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लाकडी खुर्ची, फरशीवर. राजसच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या.

मी खोडकर आहे, खोटारडा नाही. मीटिंगमध्ये मधेच बोललो ती खोडी माझी. खुर्ची माझी नव्हती.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर राजसनं मला पाठीवर टाकलं आणि बसनं उंच पुलावरून इंदिरानगर गाठलं. तासावर भाड्यानं मिळणाऱ्या खोलीत दोघांनी तालीम केली. माइकपुढं उभं राहून राजस म्हणाला, "एक-दोन, एक-दोन." माणसं माइकपुढं तीनपर्यंत कधी जात नाहीत, शिक्षण माझ्याएवढंच. मग त्यांनी सातवा खण लावला. सिद्धीचा ठोका दर फेरीला चुकायला लागला.

"तुझा डबा लांबतोय," ती म्हणाली.

"डबा कसा लांबेल? तू पळतेयस."

"मी पळत नाही, काही नाही. घड्याळ लाव."

लावलं. सोमवारी फेरी बावीस सेकंदांची होती. आता सव्वीस. वाढलेल्या चार सेकंदांत चपलांचा आवाज होता. कोणीतरी लांबून, सावकाश चालत येत होतं, आणि ते माझ्या पोटात चालत होतं. तुमच्या पोटात कोणी चाललंय का कधी? मग राहू द्या.

गुरुवारी एका कंपनीच्या वाढदिवसाला कॅन्टीनमध्ये वाजवायचं होतं. लोक समोसे खात होते, ऐकत कोणी नव्हतं. सातव्या खणाला कोणी हात लावला नाही, म्हणजे पायही नाही. तरी दोन गाण्यांच्या मधे हाक आली आणि कॅन्टीनमधली माणसं खाता खाता थांबली. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. एक बाई उठली आणि तिनं आपल्या शेजारची रिकामी खुर्ची जरा मागं ओढून ठेवली. कुणी बसणार असल्यासारखी. मग स्वतःच गोंधळून बसली.

शुक्रवारी सकाळी सिद्धी राजसच्या खोलीवर आलेली असताना हाकेला उत्तर आलं.

"आलो, अम्मा."

सिद्धीनं मला उलटं केलं, तळाचं झाकण उघडलं. आत शंतनुनं चिकटवलेला कागद होता. तिनं वाचून दाखवला: नाव, चामराजपेट, घराचा नंबर.

"चल," ती म्हणाली.

"आज? उद्या शो आहे."

"म्हणूनच आज. लोकाचा सूर विचारल्याशिवाय वाजवतोस, वरून म्हणतो आपलं. चल गुपचूप."

दार शंतनुच्या आईनं उघडलं. भाग्यलक्ष्मी. ठेंगणी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. तिनं आधी मला ओळखलं, मग त्या दोघांकडे बघितलं. कॉफी दिली. राजसनं सगळं सांगितलं, चाचरत, आणि छोट्या स्पीकरवर सातवा खण लावला.

गिटार. हाक. चपला. "आलो, अम्मा."

तिनं कप खाली ठेवला.

"हाक माझी आहे," ती म्हणाली. "उत्तर त्या दिवशी नव्हतं. त्या दिवशी तो वाजवत बसला. मी स्वल्प रागावले, दुसरी हाक मारलीच नाही. ताट झाकून निजले. पहाटे ताप. दवाखान्यात नेला, तिथनं आलाच नाही रे. ताट मी नंतर घासलं. अन्न तसंच होतं."

राजस म्हणाला, "काकू, आम्ही पुसून टाकतो. आत्ता."

"नको. अर्ध्या वाटेत आहे तो."

राजसनं माझ्या बटणावरचं बोट मागं घेतलं.

"गेलेल्याला नाव घेऊन जेवायला बोलवायचं नाही, आमच्या घरची रीत आहे," ती समजावून सांगत होती, कुकरच्या शिट्ट्या सांगाव्यात तशी. "तुम्ही आठवडाभर बोलावलंत. ठाऊक नव्हतं तुम्हाला, सरी, असू दे. पण बोलावलंय तर आता पोचू दे. उद्या मी येते. तू वाजव. तो आला की मी उठून उभी राहीन. मी उभी राहिले की हाक पुसून टाक."

"आणि नाही पुसली तर?" सिद्धीनं विचारलं.

"तर हाक पुन्हा होईल. आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून चालत यावं लागेल."

परत जाताना राजस सिद्धीला म्हणाला, "लॅपटॉपवर कॉपी करून ठेवतो. डब्यातलं पुसलं तरी गाणं राहील." घरी गेल्यावर केली. लॅपटॉपवर फक्त खरखर आली. सहा वेळा केली. सहा वेळा खरखर. तेव्हा त्याला कळलं की गाणं माझ्याकडेच आहे, आणि उद्यापर्यंतच आहे.

शनिवारी ऊन उतरायच्या आत कार्यक्रम सुरू झाला. भाग्यलक्ष्मी पुढच्या रांगेत, मोरपंखी साडीत, मांडीवर पर्स धरून. दोन खुर्च्या सोडून महोत्सवाचा गृहस्थ. राजसनं मोज्यानं मला दाबलं. त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे, त्या दिवशी त्यानं बूट काढले होते.

मी धडा म्हणायला लागलो. पहिल्या फेरीला चपला लांब वाजल्या. दुसरीला त्याहून जवळ. तिसरीला जिन्यावर. राजस गात होता आणि खरं सांगतो, तो आयुष्यात तसा गायला नव्हता. बार सांभाळणाऱ्या पोरांनी ग्लास ठेवले. गृहस्थ डोळे मिटून पुढं झुकला. चौथ्या फेरीला "आलो, अम्मा" स्पीकरमधून आलं नाही. ते खोलीतून आलं, पुढच्या रांगेजवळून.

भाग्यलक्ष्मी उठून उभी राहिली.

राजसनं तिला बघितलं. मग गृहस्थाला बघितलं. गृहस्थ मान डोलावत होता. राजसचा पाय माझ्या डाव्या बटणावर आला आणि तसाच थांबला, टेकलेला, दाबलेला नाही.

"राजस," सिद्धी मागून म्हणाली, "उभ्या आहेत त्या."

त्यानं एक फेरी जास्त घेतली. एकच. हाक पुन्हा झाली आणि पुढच्या रांगेजवळचे पाय वळले. ते जिना उतरून, लांब, पार लांब गेले आणि तिथून पुन्हा यायला लागले. या वेळी पाय ओढत होते. दमलेल्या माणसाचे पाय. भाग्यलक्ष्मी उभीच होती. तिनं तोंडावर पदर धरला होता, पण खाली बसली नाही.

राजसनं गाणं सोडलं. गायचंच थांबला. पाय येईपर्यंत फक्त सिद्धीचा ठोका चालला, हळू, त्या पायांना धरून, आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसा. पाय पोचले. राजसनं डोळे मिटले आणि मला दाबलं.

एक सेकंद. मला वाटलं, आता भीती वाटेल. दोन सेकंद. कोणीतरी माझ्या पोटातून उतरून गेलं, जिना उतरतात तसं, आणि जाताना दार हळूच लोटून घेतलं.

कार्यक्रमानंतर गृहस्थ राजसला म्हणाला, "वो आवाजवाला गाना भेज दो, वही चाहिए."

"नहीं है," राजस म्हणाला.

"मतलब?"

"था. अब नहीं है."

गृहस्थानं खांदे उडवले. महोत्सवात दुसरं कोणीतरी वाजवणार आहे. सिद्धी म्हणाली, "जाऊ दे बे. चांगलं वाजवलंस." तिनं त्याला चांगलं म्हणायची ही पहिलीच वेळ.

आता मी राजसकडेच असतो. सातवा खण रिकामा आहे. तो त्यात काही भरत नाही आणि मीही हट्ट करत नाही. खोड्या चालू आहेत, वयाप्रमाणे. तुम्हाला मात्र एक विनंती. जुनं काही घरी आणलंत तर आधी आत कोण आहे ते बघा. आणि आतून जेवायची हाक आली तर कानातले इअरफोन काढून ओ द्या. सारू खरंच निवतं.

जाता जाता रविवारचं सांगतो. दुपारी भाग्यलक्ष्मीनं दोघांना जेवायला बोलावलं. मी पिशवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी. तिघांची तीन ताटं वाढली, तिघं जेवली, बोलली, एकदा हसलीही. जेवण झाल्यावर सिद्धी भांडी घासायला बसली. मी ऐकत होतो. एक ताट विसळलं, पालथं घातलं. दुसरं. तिसरं. मग नळ थोडा वेळ नुसताच वाहिला, आणि तिनं चौथं घासलं.

तुम्ही म्हणाल, चौथ्या ताटाचा आवाज ही म्हाताऱ्या डब्याचीच खोडी. काढली असती, आवडतं मला. पण ऐकायला मला वीज लागत नाही, खोडी काढायला लागते. आणि माझी तार शनिवारीच काढून ठेवलेली होती.