विज्ञानाचे सर

गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या जीपपुढं पंचफुलाबाई जी बसली, ती हलायलाच तयार नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पाहिला, मुख्याध्यापकांनी हात जोडून पाहिले. बाईचं एकच पालुपद, दहावीला विज्ञानाचे सर द्या, मग जीप न्या. दिवाळी होऊन गेली तरी पोरांचं विज्ञानाचं पुस्तक कोरंच. तिच्या मोहिनीला नर्स व्हायचं होतं, आणि बापानं सांगून टाकलं होतं, नापास झाली की उन्हाळ्यात लग्न. स्थळसुद्धा हेरून ठेवलेलं. आता शिकवायलाच कुणी नाही तर पोरीनं पास व्हावं कसं, सांगा बरं!

साहेब तसे भले होते. भरती चालू आहे, पण तिला वेळ लागेल. तोवर दुसऱ्या शाळेतले सर प्रतिनियुक्तीवर देतो, म्हणाले. आणि नवल म्हणजे सोमवारी सर खरंच आले. रामप्रसाद सर. शिकवायचे असे, की शेळ्या बांधतानाही मोहिनी आम्ल-आम्लारी पुटपुटायची. पंचफुलाबाईचा जीव भांड्यात पडला. हट्टाला पेटल्याशिवाय सरकार ऐकत नाही, असं ती गावभर सांगत सुटली.

आखाडा बाळापूरच्या बाजारात तिला धाकटी बहीण भेटली, भिकाबाई. तिचं सासर त्याच तालुक्यात. डोळे रडून सुजलेले. त्यांच्या शाळेतले विज्ञानाचे सर सरकारनं उचलून दुसरीकडं दिले होते, आणि तिची निलमही यंदा दहावीलाच. चांगले होते हो रामप्रसाद सर, ती म्हणाली.

पंचफुलाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. लपवून किती दिवस लपणार होतं! सर आमच्याच गावाला आलेत, तिनं सांगून टाकलं.

भिकाबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"आक्का, काय केलं गं तुमी?"

"साहेबाच्या जीपपुढं बसले."

"मग उद्या मी बी बसते."

पंचफुलाबाईनं घाईघाईनं तिचं मनगट धरलं. आपण काय मागतोय हे तिला कळत होतं, लाजही वाटत होती, तरी हात सुटेना.

"उद्या नको गं माय. मोहिनीची परीक्षा तेवढी होऊ दे. मग ने तुझे सर."

भिकाबाईनं हात सोडवून घेतला नाही.

"निलमची परीक्षा बी त्याच दिवशी हाय, आक्का."