एका दुपारपुरते चार हिरवे दिवे

लखनौहून रायबरेलीच्या रस्त्याने तेलीबाग मागे टाकलं की तासाभरात सरैया नावाचं गाव लागतं. मित्रांनो, तिथल्या पंचायतघराच्या भिंतीवर टांगलेला इंटरनेटचा पांढरा डबा म्हणजे मी. पांढरा आता म्हणण्यापुरता. धुळीने आणि पालींनी माझा रंग कधीच बदलला आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे मला सहा तास चालवून पाहिलं, चारही दिवे हिरवे लागले, मग खोक्यात भरलं. गावात आल्यावर दोन वर्षं मी मन लावून काम केलं. माझ्यामुळे म्हाताऱ्यांचे पेन्शनचे अर्ज गेले, मुलींचे परीक्षेचे निकाल आले. मग नळाचे पाइप टाकायला रस्ता खोदला आणि जमिनीखालची माझी केबल तुटली. चारांपैकी केबलचा दिवा लाल झाला आणि लालच राहिला. कुणीतरी माझ्यावर गमछा वाळत घालू लागलं.

तीन वर्षांनी विभाताई आल्या. त्या मूळच्या साताऱ्याच्या, गावोगावी इंटरनेट पोचवणाऱ्या एका कार्यालयात इंजिनिअर. मला मराठी येतं ते त्यांच्यामुळे. त्यांचे साहेब सत्यजित लखनौच्या गोमती नगरमधल्या कार्यालयात बसत. तेही मराठीच. माझ्यासमोर उभं राहून ताईंनी त्यांना फोन लावला.

“सर, केबल तुटलीये. नवीन टाकायला पंधरा दिवस तरी लागतील.”

“अहो विभा, खासदारसाहेबांचं मतदारांना पत्र आज शाम तक छपाईला जातंय. मला डब्याचा फोटो पाठवा. चार दिवे मागतोय, दिवाळी नाही!”

त्यांच्या कामाची पद्धतच तशी होती. गाव जोडलं गेल्याचा पुरावा म्हणजे चारही दिवे हिरवे असलेला डब्याचा फोटो. ताईंच्या गाडीत केबलचं एक मोठं रीळ होतं. ते त्यांनी हमरस्त्यावरच्या चांगल्या केबलला जोडलं, शेताच्या बांधावरून उलगडत माझ्यापर्यंत आणलं. माझे चारही दिवे हिरवे झाले. फोटो निघाला. संध्याकाळच्या आत दोन माणसांनी रीळ पुन्हा गुंडाळलं, कारण पुढच्या गावालाही तेच लागणार होतं, आणि माझा दिवा पुन्हा लाल झाला.

“पंधरा दिवसांत पक्की केबल टाकते,” ताई म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

महिन्याने खासदारांचं पत्र आलं. गावच्या प्रधानांनी, म्हणजे सरपंचांनी, ते पंचायतघरात मोठ्याने वाचलं. पहिल्या पानावर व्यापार होता. परदेशाशी नवा करार झाला आहे, लखनौच्या चिकनकारी भरतकामावरचा तिकडचा कर उठला आहे, आता कारागिरांना आपला माल थेट बाहेर विकता येईल. दुसऱ्या पानावर गावोगावचं ब्रॉडबँड, आणि तिथे माझा फोटो! मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी हरखून गेलो. अंगावर लाल दिवा असताना हरखलो, हे आज आठवलं की लाज वाटते.

ऐकणाऱ्यांत जाहिदा होती, गावाची खाला, म्हणजे मावशी. तीस वर्षं ती लखनौच्या चौक बाजारातल्या एका व्यापाऱ्यासाठी कुर्ते भरत होती. टाके तिचे, नाव दुकानाचं. नजर अधू होत चालली होती. ती पुरती जाण्याआधी एकदा तरी आपलं काम आपल्या नावाने जावं, एवढंच तिला हवं होतं. प्रदर्शनात भेटलेल्या एका परदेशी बाईने तिला वेळ दिली होती. बुधवारी अकराला व्हिडिओवर काम दाखवा, पसंत पडलं तर तुमच्या नावाने घेऊ.

गावातलं बोलणं हिंदीतलं, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

“खाला, आपण शहरात जाऊ या का?” तिच्याबरोबर भरतकाम करणारी मीनाक्षी म्हणाली. “इथे तर फोन गच्चीवरही धड लागत नाही.”

“कशाला? डबा आहे ना. पत्रात फोटो छापलाय त्याचा. खासदारसाहेब काय माझी मस्करी करतील?”

“आणि हा लाल दिवा?”

“अगं, लागलाय ना? लागलाय म्हणजे चालू.”

मला बोलता येत नाही, मित्रांनो. त्या दिवशी यायला हवं होतं.

बुधवारी साडेदहाला खालासह भरतकाम करणाऱ्या सातजणी आल्या. सतरंजीवर कुर्ते मांडले. सगळ्यांत वर खालाचा, तांदळाच्या दाण्याएवढ्या मुर्रीच्या टाक्यांनी गच्च भरलेला. मीनाक्षीने फोन मला जोडला. पडद्यावर चक्र फिरू लागलं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, चक्र फिरतच होतं. प्रधानांनी गच्चीवर चढून कसाबसा विभाताईंना फोन लावला. बाराच्या सुमारास त्याच गच्चीवर परदेशी बाईचा निरोप आला. वाट पाहिली, माफ करा, काम दुसऱ्यांना दिलं.

विभाताई पोचल्या तेव्हा कुर्त्यांच्या घड्या घालून झाल्या होत्या.

“खाला, चूक माझी आहे. केबल मंजूरच होत नाहीये. हे गाव जोडलेल्यांच्या यादीत गेलं, आता वरचे म्हणतात, जोडलेल्या गावाला नवी केबल कशाला?”

खाला ओरडली नाही. तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला.

“बिटिया, ‘नाहीये’ एवढंच सांगायचं होतंस. आम्ही सकाळची सहाची बस धरली असती.”

  त्याच दिवशी ताईंनी ‘सरैया जोडलेलं नाही’ असं स्वतःच्या सहीने लेखी कळवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

खालाला आता मुर्री दिसत नाही. ती मोठे, साधे टाके घालते. तो कुर्ता तिने शेवटी व्यापाऱ्याला देऊन टाकला, आणि त्यावर दुकानाच्या नावाची पट्टी लागली.

मित्रांनो, मला पुसा, माझी धूळ झटका, असं मी म्हणणार नाही. तुमच्या ताब्यातलं काही बंद पडलं, तर ते बंद आहे हे त्याच दिवशी सांगा, कुणी विचारायच्या आत सांगा. तुमच्या शब्दावर विसंबून कुणीतरी बस सोडून देत असतं.