आम्ही खातो तेच विकतो

सत्तूर ठोकळ्यावर टेकलेला राहिला, आणि दुकानात शीतगृहाच्या यंत्राची घरघर तेवढी उरली.

"सांग ना," बसचालक पुन्हा म्हणाला. "तू स्वतः कुठला तुकडा खातोस?"

खाटकाने वर पाहिले नाही. गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या बायकोने नाण्यांची नीट लावलेली रास मोडून पुन्हा नीट लावली. रांगेतल्या दोघी बायका किंचित पुढे सरकल्या.

प्रश्न साधा होता. उत्तर तर भिंतीवरच टांगलेले होते. खाटकाच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली ती पाटी: आम्ही खातो तेच विकतो. भर दुपारी, दुकानाच्या दारात खुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल असे, ते त्या दिवशीच्या मालातलेच जेवत. मुलानेही ती रीत निष्ठेने पाळली. मग एके दिवशी जिना चढताना त्याच्या छातीत कुणीतरी मूठ आवळली. "वर्षभर झाडापाल्यावर जगून बघा," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर माझ्याकडे येत राहा. माझं काही जात नाही."

तेव्हापासून दारातली खुर्ची रिकामी होती. आकड्यांना टांगलेल्या मूक धडांच्या सोबतीने, शीतगृहाशेजारच्या खोलीत, तो चोरासारखा मूग, मसूर, घेवडा, उकडलेला भोपळा आणि पालेभाज्या खात असे. रक्तातली साखर उतरली. गुडघ्यांनी कुरकुर सोडली. झोप, जी कित्येक वर्षे उंबरठ्यावरूनच परतत होती, ती आत येऊन बसली. चेहऱ्यावर तुकतुकी आली. आणि त्या तुकतुकीनेच घात केला. गिऱ्हाइके आधी त्याच्याकडे बघत, मग पाटीकडे, आणि अर्धा किलो जास्त मागत. तो मांसापासून जितका दूर जाई, तितके ते अधिक खपे. मूग गिळून गप्प बसणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके शब्दशः कुणी जगले नसेल.

"आपण लहानपणापासूनचे मित्र," बसचालक म्हणाला. त्याचे घोटे बुटांवरून ओथंबून आले होते. दोन वाक्यांच्या मध्ये तो श्वास गोळा करत होता. "आजार एक, डॉक्टर एक. तू फुललास आणि मी फुगलो. चांगला तुकडा लपवतोस लेका, दुसरं काय."

"भाऊजी, तुम्हाला कायम निवडून देतात हे," बायको घाईने म्हणाली.

"वहिनी, हातच्या कांकणाला आरसा कशाला? याचं तोंड बघा आणि माझं बघा. तो डॉक्टर मला पालापाचोळा खायला सांगतो. मी म्हटलं, माझा मित्र खाटीक आहे, जरा त्याच्याकडे बघा."

"मग?" खाटकाने पहिल्यांदाच तोंड उघडले. "काय म्हणाले?"

"काय म्हणणार? नुसता हसला."

खाटकाने सत्तूर बाजूला ठेवला, हात पुसले. "अहो," बायको हळूच म्हणाली. त्या एका शब्दात सगळे दुकान होते. तो आत गेला आणि डबा घेऊन आला. मित्रापुढे, वजनकाट्याशेजारी, त्याने झाकण काढले. घेवडा, पालक, भोपळ्याच्या चार फोडी.

"हे खातो. वर्ष होत आलं."

रांगेतली एक बाई हसली. मग गल्ल्यावर बसलेल्या बायकोच्या चेहऱ्याकडे लक्ष गेले, आणि तिचे हसू अर्ध्यावर थांबले. दुसरीने पिशवीची घडी घातली आणि ती बाहेर पडली.

बसचालकाने घेवड्याचा एक दाणा उचलला, सुट्टे नाणे खरे की खोटे ते पाहावे तसा उजेडात धरला.

"उद्यापासून तुझाही डबा आणतो," खाटीक म्हणाला. "तूही सुधारशील. ऐक माझं."

बसचालकाने दाणा डब्यात परत ठेवला. काट्यावर त्याचेच पुडके बांधून पडले होते, नेहमीचे, निवडून दिलेले. त्याने त्याकडे पाहिले, पाटीकडे पाहिले. आणि आवाज जराही न चढवता विचारले,

"मग इतके महिने मला काय खाऊ घालत होतास?"

खाटकाने अंगावरचा एप्रन सोडला, रिकाम्या आकड्याला अडकवला, आणि मागच्या दाराने तो निघून गेला.