दाताखालचा दोरा

खारूताई स्वतःची नखं स्वतःच खायची. त्यासाठी घरात कुणाची मदत लागत नसे. खारूताई हे लाडाचं नाव; आठ वर्षांची पोर, पण बोटांची टोकं उंदराने कुरतडल्यासारखी. अंगठ्यात दुसऱ्यांदा पू झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता पुन्हा आलात, तर नखच काढावं लागेल." घरी पोचेपर्यंत तिने काळजीने डाव्या हाताची दोन नखं संपवली.

बाबांनी संयमावर व्याख्यान दिलं. देताना त्यांचा पाय हलत होता, त्यामुळे टेबलावरच्या पेल्यातलं पाणीही डुचमळत ऐकत होतं.

आई कपडे शिवायची. "हात तोंडात घालू नये, किती वेळा सांगायचं," असं म्हणून तिने शिवलेल्या बाहीचा दोरा दाताने कटकन तोडला.

"तू पण खातेस की."

"मी खात नाही. तोडते."

"मी पण तोडतेच. गिळत नाही."

शेवटी सौदा ठरला. आईने दोऱ्याला दात लावायचे नाहीत, लेकीने नखाला. जी आधी चुकेल, तिने दुसरीला पुन्हा टोकायचं नाही.

आईची सवय वीस वर्षांची. शिलाई संपली की मान आपोआप खाली जायची, ओठ उघडायचे आणि अर्ध्या वाटेत ती दचकून थांबायची. समोर स्टुलावर लेक मांजरासारखी टपलेली, हात मांडीखाली दाबून. दोघींचे जबडे रिकामे झाल्याने घरात भांड्यांची आदळआपट वाढली. बाबा तेवढे निवांत होते. त्यांनी काही सोडलं नव्हतं.

शनिवारी शेजारच्या नर्सबाई गणवेश घेऊन आल्या. बाही उसवलेली. "चटकन दे गं, बस चुकेल."

आईने बाही शिवली, कैचीकडे हात नेला. कैची नव्हती. खणातली छोटी कैचीही नव्हती. स्वयंपाकघरातली सुरी गायब. मशीनवरची दोरा कापायची पाती कधीच बोथट झालेली. कारस्थान पद्धतशीर होतं.

खारूताई छत न्याहाळत होती, जणू ते आजच बसवलंय.

"अगं, तोड की नेहमीसारखा दाताने," नर्सबाई म्हणाल्या.

"तोंड बंद आहे सध्या."

"मग बोलतेस कशाने?"

आईने दोरा ओठांपर्यंत आणला. तिकडे लेकीचा अंगठाही तेवढाच वर आला, लाल, सुजलेला, सुटकेची वाट बघत. आईने दोरा खाली ठेवला. न्हाणीघरातल्या फळीवरून नेलकटर आणलं. न वापरून गंजलेलं. कट.

"हे काय नवीन?"

"नवीन कुठलं. हिच्यासाठीच घेतलं होतं, पडून होतं."

नर्सबाई पळाल्या. खारूताईने दप्तरातून दोन्ही कैच्या आणि सुरी काढून मशीनवर ठेवली.

"राग आला?"

"आला."

"मग ओरडत का नाहीस?"

"तोंडाच्या सवयी मोडतेय. एकेक करून."

लेकीचे हात पुन्हा मांडीखाली गेले.

काही आठवड्यांनी तिने हाक मारली, "आई, नेलकटर कुठंय?"

"कशाला?"

खारूताईने अंगठा पुढे केला. कडेला पांढरी रेघ आली होती, अगदी बारीक. आईने ती चष्मा लावून पाहिली आणि पुन्हा चष्मा काढून पाहिली.

नख कापून झाल्यावर खारूताईने स्टूल उचललं आणि बाबांसमोर नेऊन ठेवलं. हात मांडीखाली घेऊन ती त्यांच्या पायाकडे बघत बसली.

"बाबा, आता तुम्ही."

टेबलावरच्या पेल्यातलं पाणी स्थिर झालं. बराच वेळ तसंच राहिलं. मग तिने डोळे चोळले तेवढ्यात, हळूच, पुन्हा हललं.