शिळवण्याची राणी

शिळवण्याला जायचं ठरलं आणि भास्कर सरांच्या अंगात शाळा संचारली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत त्यांचं इतिहासावरचं बोलणं ऐकून घेणारं घरात कोणी उरलं नव्हतं. आता रत्नागिरीहून दोन तासांचा रस्ता, गाडी लेक अवनी चालवणार, बायको मालिनी मागे बसणार, म्हणजे दोघींनाही पळायला वाव नाही. हातखंब्याचा फाटा गेला तशी सरांनी शिळवण्याची जुनी राजधानी बोलता बोलता वसवायला घेतली. कोणी बांधली, कोणी लुटली, हत्ती कुठे बांधत, राजवाड्याचे चिरे लोकांनी कोणकोणत्या विहिरींना लावले, सगळं.

पण सहल हे निमित्त होतं. मालिनीच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. महिन्याभरात ऑपरेशन करून घ्या, त्यापुढे मी शब्द देत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्याला तीन आठवडे झाले आणि मालिनी नाही म्हणत होती. का नाही, ते सांगायला तयार नव्हती. अवनी पुण्याहून रजा टाकून आली, रडली, भांडली, उपयोग शून्य. शेवटी मालिनी एवढंच म्हणाली, "शिळवण्याला घेऊन चला, तिथे सांगते." भजनी मंडळाच्या बायकांबरोबर ती मधे एकदा तिथे जाऊन आली होती, एवढंच सरांना माहीत.

राजेश्वराच्या देवळात सर रंगात आले. काळा दगड, चुन्याचा कण नाही, खांबावर हात ठेवला की उन्हाळ्यातही गार लागतं. मग राजवाडा. राजवाडा म्हणजे आता नुसतं जोतं, आणि त्यावर कुणाची तरी काजूची झाडं. "इथे दरबार भरायचा," सर म्हणाले. दरबारात दोन गाई रवंथ करत बसल्या होत्या. अवनी हसली, खूप दिवसांनी.

"तळीकडे चला आता," मालिनी म्हणाली.

"तिथे काय आहे बघण्यासारखं? नुसता खड्डा."

तळीकडे सर एकतीस वर्षांत फिरकले नव्हते. पण मालिनी पुढे निघालीसुद्धा, चार पावलं चालून धाप टाकत थांबत, आणि तिला एकटी सोडणं शक्य नव्हतं.

वळण घेतलं आणि सर जागच्या जागी थिजले. तळीच्या काठावर पत्र्याची मोठी शेड होती, फरशी होती, स्टीलचे कठडे होते, घंटांची रांग होती. मधोमध एक जांभा दगड, त्याला चांदीचे डोळे आणि हिरवं लुगडं. वर पाटी: श्री मृणालादेवी, जागृत देवस्थान, कौल मंगळवारी व शुक्रवारी. सरांनी पाटी दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

कारण ही देवी त्यांनी केली होती. एकतीस वर्षांपूर्वी ते संगमेश्वराजवळच्या शाळेत होते आणि सातवीची पंचेचाळीस पोरं घेऊन इथे सहलीला आले होते. तळीचा काठ ढासळलेला, खाली पाणी किती कोणास ठाऊक, आणि पोरं ओणवून बघतायत. ओरडून घसा बसला तेव्हा सरांनी त्या दगडाकडे बोट केलं आणि ठोकून दिलं, "मागे व्हा. इथे मृणाला राणी बसलीय. तिला विचारल्याशिवाय जो वाकेल त्याला ती आत घेते." पोरं अशी मागे सरली की पुन्हा एकही पुढे आलं नाही. सर तेव्हा मनात खूश झाले होते.

"गुरजी? वळाकलंत नाय काय? मी धाकू," गुरवाने येऊन पाय धरले. केस पिकले होते, पण डोळे सातवीतलेच. "तुमी सांगितलात आनि दुसऱ्याच दिवशी आमची म्हस हरवली. मी येऊन विचारलं, फुलं लावली, उजवं पडलं. म्हस संध्याकाळची गावली. तवापासून बगा, मानसा येतायत. मुंबयवरनं येतायत."

सरांनी शेडकडे, घंटांकडे पाहिलं. म्हैस सापडली म्हणून!

"इथेच मी कौल लावला," मालिनी बाजूला येऊन हळूच म्हणाली. "ऑपरेशन करू का विचारलं. दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. डावी पडली, म्हणजे नको. तुम्हाला घरी सांगितलं असतं तर हसला असता. म्हणून म्हटलं, तिच्यासमोरच सांगावं."

अवनीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

"मालिनी, ही राणी नव्हती," सर म्हणाले. "कधीच नव्हती. कुठल्या ताम्रपटात नाही, कुठल्या बखरीत नाही. मी रचली. पोरं पडतील म्हणून, उभ्या उभ्या रचली."

मालिनीने मान हलवली. "माझं ऑपरेशन व्हावं म्हणून तुम्ही देवीच्या दारात खोटं बोलताय," ती म्हणाली. "एवढं करू नका हो."

"धाकू, सांग रे तू."

"गुरजींनी सांगितली ती खरी गोष्ट," धाकू म्हणाला, "पन रचली कशी म्हनू? तीच त्येंच्या तोंडून बोलली."

भास्कर सर हादरले. आयुष्यभर पोरांना पुरावा मागायला शिकवलं, आणि आज स्वतःच्या खोट्याला पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. एकच होता, आणि तो त्यांनी कोणालाही दाखवला नव्हता. बायकोचा जीव त्या डाव्या पाकळीवर टांगला होता. त्यांनी कठडा धरला.

"त्या सहलीच्या आदल्या महिन्यात," ते म्हणाले, "आपली पहिली मुलगी गेली. दोन दिवसांची. तू तापात होतीस."

मालिनीचा हात गळ्याशी गेला.

"पोटात होती तेव्हा तू रोज विचारायचीस, मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं. मी म्हणायचो, आधी बोलू नये, बाराव्या दिवशी आत्या कानात सांगेल. मी ठरवून ठेवलं होतं. बारावा दिवस आलाच नाही. ते नाव माझ्या तोंडात तसंच राहिलं. इथे पोरांना घाबरवायला राणीचं नाव हवं होतं, तर दुसरं आलंच नाही."

धाकूने पाकळ्यांचं तबक खाली ठेवलं. अवनीला एक बहीण होऊन गेली हे ऐकून ठाऊक होतं. तिला नाव होतं हे आज कळत होतं.

"मृणाल," मालिनी म्हणाली. अगदी सावकाश म्हणाली, दोनदा. सरांना वाटलं आता ती रडेल आणि मग सगळं सोपं होईल. ती रडली नाही.

"पंचेचाळीस पोरांना सांगितलंत," ती म्हणाली. "या धाकूला सांगितलंत. त्याच्या म्हशीला कामाला आलं ते नाव. मी एकतीस वर्षं तिला नुसतं 'ती' म्हणत आले. मला नाही सांगितलंत."

सरांनी कठड्यावरचा हात काढला. देवी पाहून बसला होता तो धक्का आता फार लहान वाटायला लागला. एवढी वर्षं आपण तिचं दुःख वाढू नये म्हणून गप्प राहिलो अशी त्यांची समजूत होती, आणि ती समजूत या क्षणी कुठल्या कुठे गेली.

मालिनी चप्पल काढून दगडापाशी गेली आणि खाली बसली. तिने चांदीच्या डोळ्यांवरून, मग लुगड्यावरून हात फिरवला, निरी जरा नीट केली.

"पुन्ना कौल लावू काय, आये?" धाकूने दबक्या आवाजात विचारलं. "आज मंगळवारच हाय."

"नको," मालिनी म्हणाली. "दोन दिवसांची पोर ती. तिला काय विचारायचं ऑपरेशनचं."

मग ती दगडाच्या उजव्या अंगाला वाकली, कान असता तिथे तोंड नेऊन काहीतरी बोलली, आणि उठायला अवनीकडे हात केला. "डॉक्टरांना फोन लाव," तिने लेकीला सांगितलं. सर आधार द्यायला पुढे झाले, तर तिने त्यांचा हात बाजूला केला.