त्रेसष्टाव्या तावापासून

स्टुडिओतून काम न्यायला येणारा किताजिमा सकाळी नऊला येतो म्हणाला होता, तो आठलाच दारात हजर. बूट काढता काढताच त्याने विचारलं, "झालं?"

"कालच झालं," मासुयो आतून ओरडली. "तुझी दाढी तेवढी राहिलेली दिसतेय."

"तीन दिवस घरी गेलो नाही हो मी."

"मग बायको सुखात असेल."

नेरिमा उपनगरातल्या त्या दोन खोल्यांत तीन बायका बसून चित्रं रंगवत. घर हात्सुएचं. ती एकसष्ट वर्षांची होती आणि अठरा वर्षं हेच काम करत होती. स्टुडिओतून पारदर्शक ताव यायचे, त्यांवर चित्राच्या रेघा आधीच उमटवलेल्या असायच्या. बायकांनी ताव उलटा करायचा, मागच्या बाजूने रंग भरायचा, वाळवायचा आणि परत पाठवायचा. मासुयो शेजारीण, बारा वर्षं तिच्या जोडीला. तिसरी रित्सुको, बावीस वर्षांची. ती या कामाला आली ती 'शिराकाबा'च्या वेडापायी.

शिराकाबा हे आकाशातलं जहाज. टीव्हीवर त्याची मालिका लागायची तेव्हा पहिल्यांदा कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ती मध्येच गुंडाळावी लागली. पुढे दुपारच्या वेळी ती पुन्हा दाखवली आणि शाळाकॉलेजची पोरं खुळावली. स्टुडिओत पत्रांची पोती येऊ लागली. शेवटी मालकांनी मोठ्या पडद्यासाठी चित्रपट करायचं ठरवलं. तो मार्चमध्ये लागणार होता, आणि आज फेब्रुवारीची बारा तारीख होती.

हात्सुएच्या घरी आलेला तुकडा दहा सेकंदांचा. टीव्हीच्या मालिकेत तो नव्हता, मुद्दाम नवीन काढलेला. जहाजाची कप्तान नागिसा खिडकीपाशी उभी आहे, बाहेर तिचा ग्रह जळतो आहे. त्या आगीचं प्रतिबिंब काचेवरून सरकत जातं. मग काच स्वच्छ होते आणि फक्त तिचा चेहरा उरतो. सबंध चित्रपट या चेहऱ्यावर येऊन थांबणार होता.

"द्या बांधून," किताजिमा म्हणाला. "बारा वाजता कॅमेऱ्याखाली जायचंय."

"थांब जरा. एकदा लावून बघते."

ही हात्सुएची जुनी रीत. काम देण्याआधी ती खिडकीजवळ पांढरा कागद अंथरायची, त्यावर ताव जसे कॅमेऱ्याखाली लागतील तसे एकावर एक ठेवायची आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत नजर फिरवायची. ताव पारदर्शक खरा, पण अगदी निर्मळ नसतो, त्याला पुसटशी पिवळट झाक असते. वर जितके ताव चढतील तितकं खालचं चित्र काळवंडतं. म्हणून तळातल्या तावावर रंग अर्धी छटा फिका भरायचा, की वरून बघताना तो बरोबर दिसतो. हे तिन्ही बायकांच्या बोटांत मुरलेलं होतं.

बासष्टाव्या चित्रापर्यंत नागिसाचा चेहरा ठीक दिसला. त्रेसष्टाव्याला वरचा प्रतिबिंबाचा ताव संपला. हात्सुएने तो उचलला, आणि तिचा हात तसाच राहिला.

नागिसा एकदम फिकी पडली होती. कुणी तोंडावर पीठ फासावं तशी.

"रित्सुको, तो तक्ता दे बघू."

कुठल्या चित्राला कुठले ताव लावायचे ते सांगणाऱ्या स्टुडिओच्या तक्त्यावर कडेला बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: त्रेसष्टपासून कोरा ताव घालू नये.

एरवी वरचा ताव निघाला की त्याच्या जागी कॅमेरावाले एक कोरा ताव घालत. थर तेवढेच राहत आणि रंग हलत नसे. रंगवणाऱ्या बाईला त्याचा विचारही करावा लागत नसे. अठरा वर्षं असंच चाललं होतं. पण मोठ्या पडद्यावर कोऱ्या तावावरची धूळ दिसते म्हणून दिग्दर्शकाने या तुकड्यापुरती ती वाट बंद केली होती. म्हणजे त्रेसष्टपासून चेहऱ्याला रंगाचा नेहमीचा, गडद नंबर भरायला हवा होता. चेहऱ्यांचं काम हात्सुएकडे होतं. तिने सवयीने शेवटपर्यंत फिक्या रंगाची एकच बाटली वापरली होती.

"माझी चूक," ती म्हणाली.

रित्सुको त्या तावांकडे पाहायचं सोडून हात्सुएकडेच पाहत राहिली. हात्सुएच्या हातून चूक होते ही गोष्ट तिच्या हिशेबातच नव्हती.

किताजिमा वाकला, डोळे बारीक करून पाहिलं. "कुठे? मला तर काही दिसत नाही."

"तुला तीन दिवसांत घर दिसलं नाही, हे काय दिसणार?" मासुयो म्हणाली, पण तिचाही आवाज बसला होता.

"हे बघा हात्सुएसान, सोपं आहे. मी कॅमेरावाल्यांना सांगतो, घाला कोरा ताव. विषय संपला."

"आणि धूळ?"

"असू दे की दोनचार ठिपके. धुळीचा दोष कॅमेरावाल्यांचा. तुमच्यावर कोण येतंय?"

"टीव्हीचा डबा एवढासा," हात्सुएने हातांनी दाखवलं. "तिथे माशी बसली तरी चालते. हा चेहरा आता घराएवढा होणार. सगळं जळालंय तिचं, आणि तिच्या गालावरून किडे फिरताहेत असं पोरांनी बघायचं?"

"मग?"

"त्रेसष्टपासून पुढचे अठ्ठावन्न ताव आहेत. चेहरा आणि मान तेवढी पुसायची, नवा रंग भरायचा. तिघी बसलो तर तीनपर्यंत होईल."

"बारा वाजता म्हणालो मी!"

"तर मग स्टुडिओत फोन कर."

किताजिमाने डोकं खाजवलं. वेळ मागायचा तर कारण द्यावं लागणार. तिथल्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लागत. कुणाचं काम चुकलं, कशामुळे चुकलं, नावासकट. येणारेजाणारे सगळे वाचत. अठरा वर्षांत हात्सुएच्या घराची चिठ्ठी तिथे एकदाही लागली नव्हती. नव्या मुलींना काम शिकवताना तिथे तिचंच नाव घेत, हे किताजिमाला ठाऊक होतं आणि हात्सुएलाही.

"मी सांगतो, थंडीमुळे रंग वाळला नाही," तो हळूच म्हणाला. "फेब्रुवारी आहे. कुणीही मानेल. चिठ्ठीचा प्रश्नच नाही."

खोटं बोलायला तो सांगत होता, पण प्रेमाने सांगत होता, आणि तिला ते हवंसं वाटलं. हवंसं वाटलं म्हणूनच ती उठली आणि स्वतः फोनपाशी गेली.

"ओगाताबाईंना द्या."

ओगाताबाई म्हणजे रंगकामाची तपासनीस. तिच्यापुढे दिग्दर्शकही हळू बोलत.

"ओगाताबाई, हात्सुए बोलतेय. नागिसाचा खिडकीतला तुकडा. त्रेसष्टपासून चेहरा मी फिक्या नंबरात रंगवला. कडेची सूचना वाचली नाही, सवयीने हात चालवला. रंग मागून लागतो, वरून दुसरा चढवून भागत नाही. सगळं पुसून करतेय. तीन वाजेपर्यंत वेळ द्या. चिठ्ठी माझ्या नावाने लावा."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, दूर जाणारी पावलं, कपाटाची खडखड. हात्सुए कानाला फोन लावून उभी राहिली. मासुयो रिकाम्या हातांना काहीतरी काम हवं म्हणून ते ॲप्रनला पुसत होती.

पावलं परत आली.

"हात्सुएसान," ओगाताबाई म्हणाली, "याच्या पुढचा तुकडा दुसऱ्या घरून आलाय. आत्ता लावून बघितला. तिथेही हेच झालंय, मानेला. मी पास करून ठेवला होता." "मीसुद्धा सवयीनेच बघितलं. तीन वाजता आणा. मी कॅमेरा धरून ठेवते."

हात्सुएने फोन ठेवला आणि बाह्या वर सारल्या.

"किताजिमा, हात धू."

"मी?"

"मग कोण? स्वच्छ धू, आणि त्या कोपऱ्यात बस. आम्ही भरलेला ताव तुझ्यासमोर येईल. पुठ्ठ्याने वारा घालायचा. लांबून. जवळून घातलास तर ताव वाकेल, आणि मग मीही वाकडीच होईन."

मग घरात फक्त कामाचा आवाज राहिला. ओल्या कापसाने रंग मऊ करायचा, बांबूच्या काडीने अलगद सोडवायचा, कोरडं करायचं, भरायचं. केसाला हात लावायचा नाही, कॉलरला लावायचा नाही. रित्सुकोने काडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"काकू, माझ्याकडून बिघडलं तर?"

"माझ्याकडून बिघडलंय ना? मग आता तुझी पाळी यायला वेळ आहे. श्वास सोड. रोखून धरलास की रेघ हलते."

अकराच्या सुमारास मासुयोने भाताचे गोळे केले, आणि बाकीच्यांचे हात खरकटे होऊ नयेत म्हणून तिनेच ते एकेकाच्या तोंडात घातले. किताजिमाला भरवताना मासुयो म्हणाली, "आ कर. बायकोला सांगू नकोस." तो तोंड भरून हसला आणि वारा घालायचा विसरला. लगेच तिघी एकदम त्याच्यावर ओरडल्या.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी शेवटचा ताव वाळला. हात्सुएने पुन्हा पांढरा कागद अंथरला आणि एकेक ताव लावत गेली. एकसष्ट, बासष्ट. प्रतिबिंब उचललं. त्रेसष्ट. किताजिमासुद्धा आता नीट पाहत होता, आणि आता त्याला कळत होतं.

"ने," ती म्हणाली.

पिवळी चिठ्ठी दुसऱ्या दिवशी लागली. किताजिमाने पुढच्या खेपेला सांगितलं की तिच्या शेजारी आणखी एक आहे, ओगाताबाईंच्या स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्याच नावाची. "त्या दोन चिठ्ठ्यांपुढे नव्या मुली उभ्या असतात," तो म्हणाला. "आता प्रत्येक तक्त्याची कड सगळ्यांत आधी वाचतात." हात्सुएने "बरं," म्हटलं आणि पुढचं काम मागितलं. पण त्या दिवशी ती गुणगुणत होती, हे मासुयोने ऐकलं.

चित्रपट लागला त्या सकाळी शिंजुकूत थिएटरला वळसा घालून रांग होती. पोरं रात्रीपासून वर्तमानपत्रं अंथरून बसलेली. तिघींना बसायला जागा मिळाली नाही, त्या शेवटच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दोन तास उभ्या राहिल्या. मग नागिसा खिडकीपाशी आली.

पडद्यावर तिचा चेहरा खरंच घराएवढा होता. आग सरकत गेली. रित्सुकोने हात्सुएची बाही घट्ट धरली. काच स्वच्छ झाली, आणि चेहरा होता तसाच राहिला. तोच गाल, तीच मान. रंगाने जागा सोडली नाही. त्यांच्या पुढ्यातच उभी असलेली शाळेच्या गणवेशातली मुलगी तोंडावर रुमाल दाबून रडत होती. ती नागिसासाठी रडत होती, रंगाशी तिला काही देणंघेणं नव्हतं, आणि हात्सुएला नेमकं हेच हवं होतं.

दिवे लागले. शेवटच्या नावांमध्ये त्यांच्या घराचं नाव नव्हतं, बाहेरच्या घरांची नावं कधीच नसत. रित्सुकोचे डोळे सुजले होते.

"काय गं, कसं वाटलं?" मासुयोने हात्सुएला विचारलं.

"कुणाला काही दिसलं नाही," हात्सुए म्हणाली. तिची मान इतकी ताठ झालेली मासुयोने बारा वर्षांत पाहिली नव्हती.

लोक उठून जाऊ लागले. मधली तीन आसनं मोकळी झालेली दिसताच हात्सुए भराभरा पुढे गेली आणि मधोमध जाऊन बसली.

"अगं, घरी नाही जायचं?"

"बसा दोघी. अर्ध्या तासात पुन्हा लागेल. मघाशी ती पोरगी मध्ये येत होती, डाव्या कानाखालचं मला नीट बघता आलं नाही."