धर्ममातेचा रकाना

माझ्या जन्मनोंदींच्या प्रत्येक पानावर डावीकडून सातवा रकाना फक्त तीन बोटे रुंद आहे. वर लिहिले आहे, 'धर्ममाता'. त्या जागेत एक नाव ऐसपैस मावते. दुसरे घालायचे तर अक्षर निम्मे करावे लागते. रकाने आखणाऱ्याने पट्टी तेवढीच सरकवली, कारण त्याच्या रशियातल्या गावी एका बाईला एकच नाव पुरत असावे.

मित्रांनो, मी रशियनांच्या ताब्यातल्या अलास्कातील कोदियाक बेटाच्या एका खाडीवरल्या चर्चची जुनी नोंदवही. चिंध्यांच्या लगद्याचा माझा कागद समुद्रापलीकडे तयार झाला. सीलच्या कातड्याची पाठ मात्र इथल्याच एका म्हातारीने शिवून दिली. माझे तीन भाग आहेत: जन्म, लग्न आणि मृत्यू. एवढ्यावर कोणाला गाव कळते का, असे तुम्ही विचाराल. कळते. तिसऱ्या भागात एका वसंतातली एकच तारीख अकरा पुरुषांपुढे आहे आणि कारण 'बुडून'. समुद्री पाणमांजरांच्या शिकारीला गेलेल्या कातडी होड्या त्या दिवशी परतल्या नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात विधवांची नऊ लग्ने आहेत. त्यांतल्या सहा नवऱ्यांपुढे 'रशियन' आहे, तर नऊही बायकांपुढे 'अल्यूत', म्हणजे इथल्या मूळच्या. मग पहिला भाग उघडा. त्या सहा घरांतली मुले आता 'क्रेओल', म्हणजे मिश्र वंशाची, झालेली दिसतात. कुणाचे कुणाशी पटते, हेही मला ठाऊक. मुखियाच्या बायकोने धर्ममाता म्हणून एकोणतीस लेकरे बाप्तिस्म्याला हातावर घेतली आणि नंतर तिचे नाव एकदम थांबले. ज्या महिन्यात थांबले, त्याच महिन्यात तिचे साऱ्या बायकांशी मासळी वाळवण्याच्या जागेवरून भांडण झाले होते.

माझ्यातले बहुतेक अक्षर वाचक लारिओनचे. पाद्री चार-पाच वर्षांतून एकदा यायचे. मधल्या काळात प्रार्थना म्हणणे, आजारी लेकराला घरीच पाणी घालून बाप्तिस्मा देणे आणि मला लिहिणे, ही कामे त्याची. त्या कामापायी त्याला गावच्या पुरुषांवर असलेली शिकारीची सक्ती माफ होती. सिटक्याच्या मुख्य ठाण्याहून आलेल्या एका कारकुनाने माझी पाने उलटून म्हटले होते, इतकी स्वच्छ नोंदवही पाहिली नाही. लारिओनने ते वाक्य वर्षभर गावाला ऐकवले. मीही फुगले होते, खोटे कशाला बोलू?

देवीच्या साथीत मात्र मला चार महिने कुणी उघडले नाही. पिठाच्या पोत्याखाली मी ओलीत पडून होते. नंतर लारिओनने एका बैठकीत बहात्तर मृत्यू लिहिले. त्यांत होडी बांधणाऱ्या गेरासिमची बायको होती. 'फेव्रोनिया, अल्यूत' हीसुद्धा होती.

इथेच घोटाळा आहे. फार पूर्वी एका पाद्रीने संत फेव्रोनियाच्या दिवशी तीन बायकांचा एकत्र बाप्तिस्मा केला आणि तिघींना तेच नाव दिले. गावाला त्याची अडचण कधी झाली नाही. एक उंच फेव्रोनिया, एक टोपलीवाली, तिसरी लवकरच दुसऱ्या बेटावर गेली. घरचे नाव सोबत लिहावे असा हुकूम होता, पण तीन बोटांच्या जागेत लारिओन ते लिहीत नसे.

साथ ओसरून सात वर्षे झाल्यावर गेरासिमने टोपलीवाल्या फेव्रोनियाला मागणी घातली. ती विधवा होती आणि त्याची लेक उस्तिन्या तिच्याच पदराशी असायची. नवे पाद्री मेफोदी यांनी लग्नाआधी मला उघडले आणि उस्तिन्याच्या ओळीवर बोट ठेवले. धर्ममाता: फेव्रोनिया, अल्यूत. ज्या बाईने लेकराला बाप्तिस्म्याला हातावर घेतले, ती लेकराच्या बापाची बहीणच मानतात. बहिणीशी लग्न कसे लावणार? पाद्रींनी सिटक्याला वरिष्ठांना पत्र लिहिले. जहाज वर्षातून एकदा यायचे, त्यामुळे उत्तराला दोन वर्षे लागली. उत्तर होते, हजर असलेल्यांना विचारा.

या दोन वर्षांत गावाने दोघांना सोडले नाही. होडीला कातडे चढवताना बाया हमखास म्हणायच्या, "काय ग फेव्रोनिया, भावाला भाकरी दिलीस का?" ती हसून टोपली विणत राहायची. पण गेल्या हिवाळ्यात तिने गेरासिमला सांगून टाकले होते की यंदा निकाल लागला नाही तर ती भावाकडे दुसऱ्या बेटावर जाईल, रोज समोर राहून हे तिला सोसणार नाही.

मित्रांनो, उंदीर आणि ओल यांपासून मला जपा, असे मी सांगणारच. पण त्याआधी एक सांगते. कुणाचे नाव लिहाल तेव्हा त्याला विचारा आणि पूर्ण लिहा. मी जे छाती फुगवून सांगते ते सगळे रकान्यांतून येते, आणि रकान्यात माणूस अर्धा राहिला तर मी तितक्याच ठामपणे चुकीचे सांगते.

सिटक्याचे उत्तर आल्यावर चौकशी एका दुपारी चर्चमध्येच झाली. बाप्तिस्म्याच्या दिवशी गेरासिम शिकारीवर होता. घरात बाळंतीण, लारिओन आणि कुणीतरी एक फेव्रोनिया. लारिओनने आधीच सांगून ठेवले होते, मला आठवत नाही, पानावर आहे तेवढेच. दाराबाहेर मासळी उकडत बसलेली म्हातारी अकुलिना तेवढी साक्षीला उरली होती.

"फेव्रोनियाच होती," अकुलिना म्हणाली. "मी हाक ऐकली ना."

"कुठली फेव्रोनिया, आजी?" पाद्रींनी विचारले.

"पोरीवर जीव होता ती."

"दोघींचाही होता म्हणतात."

"मग तुम्हीच ठरवा. मी मासळीकडे बघत होते, बाबा."

लोक हसले. पाद्रींनी टोपलीवाल्या फेव्रोनियाला विचारले. ती म्हणाली, "मी नव्हते. पण माझं लग्न अडलंय, म्हणून माझा शब्द तुम्ही धरणार नाही. नाही ना धरणार?"  पाद्री तो धरू शकत नव्हते.

मी लारिओनच्या गुडघ्यावर उघडी होते. मला ठाऊक होते ते असे: त्या ओळीवर तारीख बाप्तिस्म्याची होती, पण शाई चाळीस दिवसांनंतरची. पानाखाली मात्र 'त्याच दिवशी लिहिले' अशी त्याची सही होती. त्याने तोंड उघडले तर नाव अर्धे का आणि कधी लिहिले हे विचारले जाणारच, आणि खोट्या सहीचा वाचक कामावर राहत नाही. आणि काम गेले की पन्नाशीत पुन्हा कातडी होडीत बसून खुल्या समुद्रात वल्हवायचे. दोन वर्षे तो हाच हिशेब करत होता. प्रत्येक जहाज आले की माझे ते पान उघडायचा आणि पुन्हा मिटायचा.

पाद्री म्हणाले, साक्षीदार नसेल तर पानावर आहे तेच खरे धरावे लागेल, लग्न लावता येणार नाही; तसे लिही, लारिओन. फेव्रोनियाने शाल सारखी केली आणि ती दाराकडे निघाली. लारिओनने पेन शाईत बुडवले.  मग त्याने पेन बाकावर ठेवले आणि तो उभा राहिला.

"थांब ग जरा," तो तिला म्हणाला. मग पाद्रींकडे वळला. "बाबा, साक्षीदार मी आहे. पोरीला हातावर घेतलं ते उंच फेव्रोनियानं, देवीत गेली तिनं. मी चाळीस दिवसांनी लिहिलं, अर्धं लिहिलं, आणि खाली खोटी सही केली. दुरुस्ती तुमच्या हातानं लिहा, आणि होड्या निघतील तेव्हा माझं नाव त्यांच्या यादीत घाला."